आधी कलम उघडा

एलएलएमच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "एलएलबीला गुण चांगले पडले, पण सगळा अभ्यास गाईड आणि नोट्सवर झाला. आता पहिल्याच सत्रात प्रत्येक विषयाला संशोधनपर निबंध मागतायत. दोनशे पानी निकाल उघडला की दहाव्या पानावर धागा सुटतो. संशोधन, लेखन आणि कायद्याचा अर्थ लावणं हे सगळं मुळापासून शिकायचं तर सुरुवात कुठून करू? कोणती पुस्तकं घेऊ?"

पुस्तकांचं शेवटी बघू. मी बावीस वर्षं वकिली करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं एलएलएमच्या मुलांची डिझर्टेशन तपासतोय. ज्या डिझर्टेशनचं लेखन ढिसाळ असतं, त्यात बहुतेक वेळा खरी अडचण लेखनाची नसतेच. त्या मुलाने कलम वाचलेलं नसतं. कलमाविषयी कोणीतरी लिहिलेलं वाचलेलं असतं, त्याविषयी आणखी कोणीतरी लिहिलेलं वाचलेलं असतं, आणि त्या दोघांच्या मध्ये उभं राहून तो तिसरं काहीतरी लिहीत असतो. म्हणून संशोधन, लेखन आणि अन्वयार्थ हे तुम्हाला वेगवेगळे विषय वाटत असले, तरी मी तिन्हींची सुरुवात एकाच सवयीपासून करायला सांगतो: मूळ मजकूर उघडायचा आणि पूर्णविरामापर्यंत वाचायचा.

हे बोलायला सोपं आहे, म्हणून एक कलम घेऊन करूनच दाखवतो. लवाद व समेट अधिनियम, १९९६ चं कलम ३४(३). लवादाचा निवाडा रद्द करून मागायचा तर किती मुदतीत अर्ज करायचा, हे त्यात आहे. वर्गात विचारलं की निम्मी मुलं म्हणतात, "नव्वद दिवस, सर. वर तीस दिवस सवलत." आता भाष्याशिवाय नुसता कायदा छापलेला बेअर अ‍ॅक्ट उघडा. तिथे नव्वद दिवस हे शब्दच नाहीत. तिथे आहे तीन महिने. परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादात, आहेत तीस दिवस. एकाच पोटकलमात संसदेने एकदा महिने म्हटलं आणि एकदा दिवस म्हटलं, म्हणजे दोन्ही जाणूनबुजून. मग महिना म्हणजे काय? त्यासाठी कायद्यांतल्या सामान्य शब्दांचे अर्थ देणाऱ्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ कडे जायचं. त्याच्या कलम ३(३५) प्रमाणे महिना इंग्रजी कॅलेंडरनुसार मोजायचा. आणि 'पासून' या शब्दाचं काय? त्याच कायद्याचं कलम ९ सांगतं की 'पासून' वापरला असेल तर पहिला दिवस सोडून द्यायचा.

समजा निवाडा १२ नोव्हेंबरला हातात पडला. नव्वद दिवस मोजले तर मुदत १० फेब्रुवारीला संपते. तीन महिने मोजले तर १२ फेब्रुवारीला. हे दोन दिवस परीक्षेत कोणी विचारत नाही, पण कोर्टाच्या रजिस्ट्रीत त्या दोन दिवसांवर माणसाची सगळी केस उभी असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हिमाचल टेक्नो इंजिनिअर्सच्या प्रकरणात हेच सांगितलं, की तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत.

अजून कलम संपलेलं नाही. मुदत सुरू होते ती निवाडा झाल्याच्या तारखेपासून नाही, अर्जदाराला तो मिळाल्याच्या तारखेपासून. पण अर्जदार रेल्वेसारखी मोठी संस्था असेल आणि निवाडा आवक-जावक कारकुनाच्या टेबलावर पडला असेल, तर तो 'मिळाला' का? यावरही २००५ चा निकाल आहे, टेको त्रिची इंजिनिअर्सचा: निवाड्यावर निर्णय घेऊ शकणाऱ्या, प्रकरण माहीत असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती तो पोचायला हवा. आणि परंतुकाच्या शेवटी तीस दिवसांनंतर नाही अशा अर्थाचे तीन-चार शब्द आहेत. त्या शेपटीमुळेच उशीर माफ करण्याची मुभा देणारं लिमिटेशन अ‍ॅक्टचं कलम ५ इथे लागू होत नाही, असं २००१ मध्ये पॉप्युलर कन्स्ट्रक्शनच्या निकालात ठरलं. एवढंसं पोटकलम, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कोणीतरी कोर्टात लढवलेला आहे.

माझी पद्धत अशी. कलम वहीत स्वतःच्या हाताने उतरवून काढायचं, पण सलग नाही. जिथे अट आहे तिथे नवीन ओळ, जिथे 'आणि' किंवा 'किंवा' आहे तिथे नवीन ओळ, परंतुक वेगळं, स्पष्टीकरण वेगळं. मग समासात विचारायचं: कोणाला? कशाविरुद्ध? कधीपासून? नाही केलं तर काय? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. कायद्याने 'करील' म्हटलं पण न केल्याचा परिणाम कुठेच सांगितला नाही, तर ते बंधन सक्तीचं की केवळ मार्गदर्शक, हा वाद तुमच्यासाठी तयारच असतो.

इथे मराठीत विचार करणाऱ्यांना एक फायदा आहे, तो सोडू नका. इंग्रजीत 'शॅल' आणि 'मे' डोळ्याखालून सहज निसटतात. मराठी पाठात ते 'करील' आणि 'करता येईल' असे येतात, 'मीन्स' चं 'म्हणजे' होतं, 'इन्क्लूड्स' चं 'यात समावेश होतो' होतं, आणि फरक कानाला लगेच लागतो. 'म्हणजे' ने व्याख्या बंद होते. 'समावेश होतो' ने दार उघडं राहतं. मी अजूनही अवघड कलम स्वतःपुरतं मराठीत मांडून बघतो. जिथे मराठी वाक्य जमत नाही, तिथे मला इंग्रजी कळलेलं नसतं. पण युक्तिवाद मराठी पाठावर उभा करण्याआधी राज्यघटनेचा अनुच्छेद ३४८ वाचा. राज्याने कायद्यासाठी दुसरी भाषा ठरवलेली असली, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात आलेला इंग्रजी अनुवाद हाच इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानला जातो.

आता निकाल. दहाव्या पानावर धागा सुटतो, कारण तुम्ही निकाल कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचताय. मीही तसाच वाचायचो, आणि त्याहून वाईट म्हणजे हेडनोट, म्हणजे वर छापलेला सारांश, वाचून थांबायचो. वकिलीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका अपिलात मी मोठ्या आत्मविश्वासाने एक परिच्छेद वाचून दाखवला. शब्द अगदी आमच्या बाजूचे, जणू आमच्यासाठीच लिहिलेले. न्यायमूर्तींनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, हे कोण म्हणतंय?" मी म्हटलं, सर्वोच्च न्यायालय. ते म्हणाले, "मागचं पान वाचा." मागच्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं की अपीलकर्त्यांच्या वकिलांनी पुढीलप्रमाणे युक्तिवाद केला. मी वाचलेला परिच्छेद तो युक्तिवाद होता, आणि तीन पानांनंतर कोर्टाने तो फेटाळला होता. समोरच्या वकिलांना काही बोलावंच लागलं नाही.

त्या दिवसापासून मी निकालात पहिल्यांदा पेन्सिलने प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला लिहितो: कोण बोलतंय. हकीकत, खालच्या कोर्टाचं म्हणणं, यांचा युक्तिवाद, त्यांचा युक्तिवाद, जुन्या निकालातला उतारा, आणि मग कोर्ट स्वतः. लांबलचक निकालात कोर्ट स्वतः बोलतंय अशी पानं पुष्कळदा निम्मीही नसतात. क्रमसुद्धा मी बदलतो. आधी शेवटचा आदेश: अपील मंजूर की फेटाळलं? मग कोर्टाने स्वतः ठरवलेले मुद्दे. मग हकीकत. त्यानंतर चर्चा. कोणाचा विजय झाला हे माहीत असलं की चर्चेतला कुठला परिच्छेद भार उचलतोय आणि कुठला नुसता शोभेचा आहे, ते आपोआप दिसायला लागतं.

भार उचलणारा भाग म्हणजे रेशो, ज्या कारणावर निकाल उभा असतो ते. व्याख्या तुम्हाला पाठ असेल. पण रेशो काढणं म्हणजे हकीकतीतली कुठली गोष्ट किती रुंद करायची हे ठरवणं, आणि ते सरावानेच येतं. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन घ्या, हाऊस ऑफ लॉर्ड्स, १९३२. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बीअर घेऊन दिली, बाटली अपारदर्शक, आणि आत म्हणे कुजलेली गोगलगाय. बाईंचा उत्पादकाशी करार नव्हता. तरी त्याच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य आहे, असं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं. आता याचा रेशो सांगा. गोगलगायीपुरता? पेयांपुरता? मध्ये तपासता येणार नाही अशा बंद वेष्टनातल्या कुठल्याही मालापुरता? की आपल्या कृतीमुळे ज्याला इजा होईल असं वाजवीपणे दिसतं अशा प्रत्येक 'शेजाऱ्या' पर्यंत? चारही उत्तरांना त्याच निकालात आधार सापडतो. पुढच्या पिढ्यांमधल्या कोर्टांनी त्यातला कुठला किती उचलला, तीच निष्काळजीपणाच्या कायद्याची वाटचाल. (गंमत म्हणजे बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही. प्रकरण कायद्याच्या प्राथमिक मुद्द्यावर वर गेलं होतं. म्हणून निकालातली हकीकत म्हणजे सिद्ध झालेलं सत्य, असं लिहिताना जपून.)

तुम्ही वहीत हा व्यायाम करा: एका निकालाचा रेशो तीन आकारात लिहा, अरुंद, मध्यम, रुंद. मग स्वतःला विचारा, विरुद्ध बाजूच्या वकिलाला कुठला सोयीचा? निकाल 'डिस्टिंग्विश' करणं म्हणजे बहुधा एवढंच, की समोरचा रुंद रेशो सांगतोय आणि तुम्ही अरुंद आकार योग्य का ते दाखवताय.

न्यायपीठ किती जणांचं होतं, हे मात्र पहिल्या ओळीतच टिपा. अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, पण सर्वोच्च न्यायालयातल्या दोन निकालांत विसंगती दिसली तर मोठ्या पीठाचं चालतं. छोट्या पीठाला मतभेद असला तर त्याने प्रकरण सरन्यायाधीशांपुढे मांडायचं. दाऊदी बोहरा समाजाच्या २००५ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. खासगीपणाच्या हक्कासाठी २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्ती बसवावे लागले, कारण १९५४ चा एम. पी. शर्मा निकाल आठ जणांचा होता. मूलभूत चौकटीचा सिद्धान्त देणाऱ्या केशवानंद भारतीसारख्या निकालात तर आणखी पंचाईत. तेरा न्यायमूर्ती, अकरा वेगवेगळी मतपत्रं, सात विरुद्ध सहा, आणि शेवटी बहुमताचा सारांश म्हणून एक कागद, त्यावर सह्या नऊच जणांच्या. 'केशवानंदमध्ये कोर्टाने म्हटलं' असं डिझर्टेशनमध्ये आलं की मी समासात एकच शब्द लिहितो: कोणी?

अर्थ लावण्याच्या नियमांकडे येऊ. शाब्दिक (शब्दांचा सरळ अर्थ), सुवर्ण (सरळ अर्थ विपरीत ठरला तर तो वळवणं), आणि १५८४ च्या हेडनच्या खटल्यातला 'मिसचीफ' नियम (कायदा कुठला दोष दूर करायला आला ते पाहणं), हे सगळं तुम्हाला येत असणार, त्यावर वेळ घालवत नाही. अडचण अशी की हे नियम पाठ करून कुठल्याही कलमाचा अर्थ सापडत नाही. एका शब्दाचा प्रवास बघा, म्हणजे कळेल काय होतं ते.

शब्द आहे 'भाजी'. अकोल्यातल्या विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्यांचं प्रकरण १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना करमाफी होती. व्यापारी म्हणाले, शब्दकोश उघडा. वनस्पतीपासून येतं ते सगळं 'व्हेजिटेबल', पानही त्यातच. कोर्टाने दोन उत्तरं दिली. एक, करकायद्यातला रोजच्या वापराचा शब्द बाजारात आणि घरात ज्या अर्थाने चालतो त्या अर्थाने घ्यायचा, वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने नाही. पानवाल्याकडून विडा बांधून आणणारा माणूस भाजी आणली म्हणत नाही, एवढं साधं. दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. मूळ अनुसूचीत भाज्या आणि विड्याची पानं अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या, आणि पुढे दुरुस्तीने पानांची नोंद काढली गेली. पान जर भाजीतच मोडत असतं तर वेगळी नोंद कशाला केली असती, आणि ती काढून टाकण्याला काय अर्थ राहिला असता? हे दुसरं उत्तर शब्दकोशात नाही. ते जुन्या राजपत्रात आहे. ते शोधायला कोणीतरी उठून गेलं होतं. संशोधन आणि अन्वयार्थ वेगळे काढता येत नाहीत असं मी म्हणतो ते यासाठी.

पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, मोतीपूर जमीनदारी कंपनीच्या प्रकरणात ऊस 'हिरवी भाजी' आहे का, हा प्रश्न आला. उत्तर नाही. १९७७ मध्ये वाशी अहमद प्रकरणात ओलं आलं भाजी आहे का? उत्तर हो, कारण स्वयंपाकात ते वापरलं जातं आणि भाजीबाजारात भाज्यांबरोबर मिळतं. तिन्ही वेळा नियम तोच, बोलीभाषेतला अर्थ. निकाल मात्र वेगळा, कारण वस्तू वेगळी आणि तिचा घरातला वापर वेगळा. निबंधात मुलं 'कोर्टाने बोलीभाषेचा नियम लावला' इथेच वाक्य संपवतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं: तो लावला कसा, कशाच्या आधारावर?

आणि हे निकाल सापडले म्हणून तिथेच मुक्काम ठोकू नका. आज कोणी करमाफीच्या अधिसूचनेतल्या संदिग्ध शब्दावर भांडायला उठलं, तर त्याला २०१८ चा दिलीप कुमार अँड कंपनीचा घटनापीठाचा निकाल आडवा येईल. करमाफीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा फायदा सरकारच्या तिजोरीला, करदात्याला नाही, असं त्यात ठरलं. कर लावणाऱ्या तरतुदीत मात्र उलट. एकाच कायद्यात दोन वेगळे तराजू.

यातूनच संशोधनाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा भाग येतो: सापडलेला निकाल अजून जिवंत आहे का, ते बघणं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत देताना ती कशी तयार झाली हे सांगणाऱ्या प्रमाणपत्राचंच घ्या. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५ब वर २००५ मध्ये नवज्योत संधू निकाल आला: प्रमाणपत्र नसलं तरी दुय्यम पुरावा इतर कलमांखाली देता येतो. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर, तीन न्यायमूर्ती: नाही, प्रमाणपत्र लागेलच. २०१८ मध्ये शफी मोहम्मद, दोन न्यायमूर्ती: ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही त्याला सूट देता येईल. २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून अर्जुन पंडितराव खोतकर, पुन्हा तीन न्यायमूर्ती: शफी मोहम्मद रद्द, अन्वर बरोबर, मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्र नको, एरवी हवंच, आणि कोणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा. पंधरा वर्षांत चार वळणं. शोधयंत्रात तुमचे शब्द टाकल्यावर पहिला शफी मोहम्मद आला आणि तुम्ही तिथेच थांबलात, तर पुढचा सगळा निबंध रद्द झालेल्या निकालावर उभा. मी असा निबंध तपासला आहे. भाषा सुरेख होती.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे आले. आता इलेक्ट्रॉनिक नोंदींचं कलम जुन्या पुरावा अधिनियमाच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ६३ आहे, आणि प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दोन भागांत दिला आहे, एक पक्षकाराने भरायचा आणि एक तज्ज्ञाने. म्हणजे चारही निकाल वाचल्यावर नवं कलम जुन्याशेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून बघायचं: जे शब्द तसेच आहेत तिथे जुने निकाल कामाचे, जिथे बदललेत तिथे नव्याने विचार. कलमांच्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. '४८२ खाली अर्ज' एवढंच वाचून पुढे गेलात तर कुठल्या कायद्याखालचा, हेच कळणार नाही. म्हणून टिपण करताना कलमाबरोबर कायद्याचं नाव आणि वर्ष, प्रत्येक वेळी, अगदी स्वतःच्या वहीतसुद्धा.

साधनांची टंचाई आता राहिलेली नाही. कायद्याचा मजकूर इंडिया कोडवर आहे, सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट वाचता येतात, घटना समितीच्या चर्चा उपलब्ध आहेत, निकालांचं संकेतस्थळ इंडियन कानून सगळ्यांना माहीतच आहे. पैसे देऊन घ्यायचे डेटाबेस कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतील. शोध घेताना एकाच शब्दावर अडून बसू नका. न्यायमूर्ती त्याच गोष्टीला पाच नावांनी हाक मारतात. एक चांगला निकाल मिळाला की शोधयंत्र बंद करून त्या निकालाने कोणाचा आधार घेतलाय आणि पुढे त्याचा आधार कोणी घेतलाय, या दोन दिशांनी जा. आणि थांबायचं कधी? वेगवेगळ्या वाटांनी जाऊन परत तेच सात-आठ निकाल भेटायला लागले की थांबा. त्यापुढे जे गोळा होतं ती संदर्भांची हौस.

एआयबद्दल मुलं हल्ली विचारतातच. विषयाची ओळख करून घ्यायला, शोधशब्द सुचायला वापरा, मी स्वतः वापरतो. पण त्याने दिलेला निकाल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कागदावर आणू नका. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. नाचक्की झाली ती वेगळीच.

लेखनाचं आता फारसं उरत नाही, पण जे उरतं ते सगळ्यात अडतं. पहिली अडचण विषयाची. 'इलेक्ट्रॉनिक पुरावा: एक चिकित्सक अभ्यास' हा विषय नाही, ते कपाट आहे. त्यात काहीही ठेवता येतं. त्याऐवजी असं विचारा: प्रमाणपत्र ज्याने द्यायचं त्याने नकार दिला, तर फौजदारी खटल्यात आरोपीला ते कोर्टामार्फत कोणत्या टप्प्यापर्यंत मागता येतं, आणि कलम ६३ च्या नव्या नमुन्याने त्यात काही फरक पडला का? आता तुम्हाला कळतं काय वाचायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय वाचायचं नाही. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आलं पाहिजे, हा माझा नियम आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांना 'ओरिजिनल' हवं असतं म्हणजे नवा सिद्धान्त नको असतो. कोणी नीट न विचारलेला लहानसा प्रश्न आणि त्याचं प्रामाणिक उत्तर, एवढं एलएलएमला पुष्कळ झालं.

दुसरी अडचण परिच्छेदाची. आपल्याकडे परिच्छेद असा सुरू होतो: "प्राचीन काळापासून मानवी समाजात पुराव्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे." हे वाक्य काढून टाकलं तर काय बिघडतं? काही नाही. मग काढा. परिच्छेदाचं पहिलं वाक्य म्हणजे तुमचं म्हणणं, त्यानंतर कलमाचे शब्द, त्यानंतर निकाल, त्यानंतर तो निकाल तुमच्या प्रश्नाला कसा लागू होतो किंवा होत नाही. चौथा भाग मुलं गाळतात. निकाल उद्धृत केला की आपलं काम संपलं असं त्यांना वाटतं. निकालाचा अर्ध्या पानाचा उतारा डकवू नका. दोन ओळी घ्या आणि त्या दोन ओळींवर चार ओळी स्वतःच्या लिहा.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम निकाल स्वतःहून आणा. वकिलीत तो लपवणं हे व्यवसायाच्या नीतीत बसत नाही, आणि निबंधात लपवलात तर परीक्षकाला तो पहिल्या पाच मिनिटांत आठवतो.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरणाऱ्यांना मी पहिला मसुदा मराठीत लिहायला सांगतो, युक्तिवादापुरता. तो सरळ झाला की इंग्रजीत नव्याने लिहा, वाक्यावाक्याचं भाषांतर नको. लहान वाक्यं. 'सेड', 'अफोरसेड', 'इन्टर एलिया' हे वकिली अलंकार उतरवून ठेवा. त्यांनी वजन येत नाही, वाचणारा अडखळतो. तळटीप लिहिताना त्याच क्षणी पान किंवा परिच्छेद क्रमांक टाका, 'नंतर भरू' म्हटलेला आकडा सबमिशनच्या आदल्या रात्री कधी सापडत नाही. वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यावर कारवाई करत नाहीत, पण ती दहा टक्के उचलायची परवानगी आहे असं समजणारेही मला भेटले आहेत.

पहिल्या महिन्यात एवढंच करा. आठवड्याला एक निकाल, पन्नास पानांच्या आतला. पेन्सिलने 'कोण बोलतंय' च्या खुणा. मग एका पानात टिपण: पीठ, हकीकत पाच ओळीत, मुद्दा प्रश्नाच्या रूपात, रेशो तीन आकारांत, आणि पुढे त्याचं काय झालं. ते पान कायद्याचा गंध नसलेल्या कोणालातरी वाचून दाखवा. त्याने मध्येच "पण मग त्या दुसऱ्या माणसाचं काय?" असं विचारलं, तर ते बहुधा अल्पमतातल्या न्यायमूर्तींनीही विचारलेलं असतं. जाऊन बघा.

पुस्तकांचं राहिलं. अन्वयार्थावरचं कुठलंही एक प्रमाण पुस्तक ग्रंथालयातून घ्या, ताजी आवृत्ती बघून. विकत घ्यायची घाई नको. सलग वाचू नका. तुमचं कलम अडलं की त्या मुद्द्याचं प्रकरण काढा, तळटीपांतले निकाल उतरवून घ्या, आणि पुस्तक मिटून ते निकाल उघडा. विकत घ्यायचंच असेल तर तुमच्या विषयाचा बेअर अ‍ॅक्ट घ्या, मोठ्या समासाचा.